इंदू नळाशी बसते

२ मार्च १९८९, गुरुवार

दोन दिवसांनी पाणी. ११.२०. कुमुदने चार हंडे भरले, मी दोन बादल्या. पेपरातल्या रविवारच्या लेखाचं पहिलं पान फाडून टाकलं, दुसरं बरं आहे.

नामदेवला काल पुन्हा विचारलं, निदान वेळ तरी सांग. वसाहतीच्या विहिरीवरचा पंप तोच चालवतो. म्हणाला, वीज माझ्या हातात नाही, विहिरीचे झरे माझ्या हातात नाहीत. टाकी भरली की वॉल खोलतो, एवढंच माझ्या हातात. खरं आहे. आमची गल्ली शेवटची, चौदा घरांत नळ एक. नऊपासून हंडे रांगेत.

समोरच्या यमुनाबाईंची इंदू तापामुळे शाळेत गेली नव्हती. नळाच्या ओट्यावर तोटीला हात लावून बसली होती. तीच आधी म्हणाली, "उनं, पाणी उनं." मग तोटी फुसफुसली आणि धार लागली. नळीतली हवा हाताला लागली असेल. कोपऱ्यावरच्या अक्कांनी मात्र तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. गल्लीत अक्कांचा शब्द शेवटचा.

६ मार्च, सोमवार

शनिवारी इंदू शाळेत. पाणी नाही. काल रविवार, इंदू ओट्यावर, एक वाजता आलं. आज अक्कांनी यमुनाबाईंना सांगून तिला घरी ठेवली. "एक दिस नही गई ते काय बिघडनं?" १२.०५ ला आलं.

यमुनाबाई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जातात, परत येईपर्यंत रांग लागलेली असते, त्यांचा नंबर कायम शेवटचा. आज त्यांचे दोन्ही हंडे सगळ्यांत आधी भरले. कोणी काही बोललं नाही.

इंदूला अक्कांकडून गूळ-शेंगदाणे. वेणी पण घालून दिली.

१३ मार्च, सोमवार

आता नियम झाले आहेत. उजवा हात तोटीवर, डावा पाय मुडपलेला (पहिल्या दिवशी तशी बसली होती). आणि ती बसलेली असताना बोलायचं नाही. हा तिसरा नियम गुरुवारचा. दूधवाल्याने मोठ्याने हाक मारली आणि धार तुटली. टाकी संपली होती, दुसरं काय.

आज मी पायरीवरून अक्कांना काहीतरी विचारायला गेलो. ओठावर बोट. "आते बोलू नका भाऊ, पोर बठेल शे."

भर दिवसा गल्ली गप्प. आवाज होतो म्हणून त्या वेळात स्टोव्ह पेटवत नाहीत. कपडे धोपटत नाहीत. पाळण्यातलं पोर रडलं तर आई त्याला घेऊन मागच्या दाराने बाहेर जाते. माझ्या टेबलावरून ओटा सरळ दिसतो. इंदूचे डोळे मिटलेले.

१९ मार्च, रविवार

वहीच्या मागच्या पानावर नोंद ठेवतो आहे. ती किती वाजता बसली, पाणी किती वाजता, आलं की नाही. सहा दिवसांत चारदा आलं. ती नसतानाही इतकंच आलं असतं असं माझं मत. पण सिद्ध कसं करणार? ती रोज बसते. ती नसलेला दिवसच उरलेला नाही.

न आलेल्या दोन दिवसांचा हिशेब कोणी धरत नाही. एकदा पाय बदलला होता म्हणे. एकदा कोणाची तरी सावली पडली.

कु. ला सगळं समजावून सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "कारण तुम्ही शोधा," म्हणाली, "मला पाणी हवंय."

२४ मार्च, शुक्रवार

गंमत. पाणी येतं तेव्हा बहुतेक वेळा माझ्या पेनाला टोपण लावलेलं असतं. साहजिक आहे, धार ऐकली की मी उठतो. पण आज साडेअकराला इंदूकडे बघत असताना टोपण लावून पाहिलं. काढलं, पुन्हा लावलं. चारदा.

पाणी १.४० ला आलं. तेव्हा मी काय करत होतो ते आठवायचा प्रयत्न करतो आहे, हेच वाईट.

३० मार्च, गुरुवार

शाळेतल्या गायकवाडबाई आल्या होत्या. इंदू तीन आठवडे वर्गात नाही. चौथीची वार्षिक परीक्षा दहा तारखेपासून. गणितात वर्गात पहिली मुलगी, वर्ष वाया जाईल, म्हणाल्या. यमुनाबाई आज घरी होत्या. मान खाली. पाणी नीट सुरू झालं की धाडसू, एवढंच. मला त्यांचा राग येत नाही. बारा वर्षं शेवटून पहिल्या होत्या.

बाई ओट्यापाशी गेल्या. "इंदू, सातचा पाढा विसरलीस का गं?" तिने डोळे उघडले नाहीत. ओठ हलले. पाढाच म्हणत असावी, पण आवाज काढला नाही.

निघताना बाई माझ्याशी दोन मिनिटं बोलल्या. कुजबुजत. त्यांना तसं कोणीच सांगितलं नव्हतं.

३ एप्रिल, सोमवार

ऑफिसच्या कामाने जळगाव. काम दीड तासात संपलं. वसंताकडे गेलो, कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो, शाळेपासूनचा मित्र. प्रयोगशाळेत लाकडी पेटी, आत कबूतर. ठरावीक वेळाने आपोआप दाणा पडतो. कबूतराने काही करो न करो, दाणा पडणारच. पण पहिल्यांदा पडला तेव्हा ते डावीकडे वळत होतं. तेव्हापासून डावीकडे गोल फिरतं. वसंता म्हणाला, शेजारच्या पेटीतलं मान वर-खाली करतं, त्याला वाटतं दाणा त्याने आणला.

मी विचारलं, मोडायचं कसं?

"दाणा बंद कर. केल्याचं फळ मिळेना की करणं सुटतं."

तो पुढे सांगत होता. चारची एस.टी. गाठायची होती, रात्रीच्या अंकाला मजकूर द्यायचा होता. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. निघालो. पारोळ्याला चहा घेताना सगळं मनात जुळवलं.

५ एप्रिल, बुधवार

सकाळी टेकाडावर टाकीपाशी. नामदेवला सगळं सांगितलं. त्याचा पण जीव पोरीसाठी तुटतो, त्याची नात तेवढीच. टाकीवरून गल्लीतला नळ दिसत नाही, पण माझी गच्ची दिसते. तेव्हा ठरलं असं: इंदू बसलेली असेल तोवर माझा लाल पंचा गच्चीच्या कठड्यावर. पंचा दिसला की टाकी भरलेली असली तरी वॉल बंद. ती उठून घरी गेली की मी पंचा काढणार, मग त्याने खोलायचा. चार-सहा दिवसांत लोकांना दिसेल, बसली की येत नाही, गेली की येतं. परीक्षेआधी सुटेल.

नामदेव म्हणाला, "भाऊ, पाणी कोणाचं अडवलं नव्हतं आजवर."

अडवत नाही, थोडं उशिरा सोडतो, असं मी म्हणालो. कु. ला सांगितलेलं नाही.

७ एप्रिल, शुक्रवार

इंदू ९ ते १२. पंचा वर. ती जेवायला गेली, पंचा काढला. दहा मिनिटांत पाणी. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. बरं वाटलं. लेख एका बैठकीत झाला.

८ एप्रिल, शनिवार

तसंच. १२.१५ ला उठली, १२.३० ला पाणी. सोमवारी पहिला पेपर मराठीचा. उद्या-परवा मोडेल.

९ एप्रिल, रविवार

मोडलं नाही. अक्कांनी ओट्यापाशी चार बायकांना निर्णय सांगितला, मी खिडकीत होतो. पाणी येणारच होतं, पोर लवकर उठून गेली, म्हणून ते मागून आलं. चूक उठण्याची. आता तिला जेवायला उठवायचं नाही, ताट तिथेच.

दीडपर्यंत बसली. मग लघवीला म्हणून कोणीतरी नेलं. मी पंचा काढायला गच्चीत धावलो. तिला लगेच परत आणलं. पंचा पुन्हा कठड्यावर टाकला. तेवढ्यात नळ दोनदा खोकला आणि थांबला. सगळ्या बायकांनी तो आवाज ऐकला.

पाणी पाच वाजता आलं म्हणे, ती झोपी गेल्यावर तिला घरी नेलं, त्यानंतर. मी ऑफिसात होतो. पंचा कु. ने वाळला म्हणून काढला.

१० एप्रिल, सोमवार

पेपर अकराला होता. गायकवाडबाईंनी सकाळी शाळेच्या शिपायाला पाठवलं. त्याला गल्लीच्या तोंडाशीच थांबवलं.

इंदू आठपासून. पंचा वर.

बारा. एक. ओट्यावर ऊन आलं. अक्कांनी डोक्यावर ओला फडका ठेवला. यमुनाबाई जिनिंगला गेल्याच नाहीत, उंबऱ्यात बसून होत्या. एकदा उठून पोरीकडे आल्या, तर इंदूनेच हाताने "नको" केलं. तिला कोणी धरून ठेवलेलं नाही, हे मी आज पहिल्यांदा नीट पाहिलं.

ती उठत नाही म्हणून पाणी नाही. पाणी नाही म्हणून ती उठत नाही. दोन वाजता हे कळलं. खरं तर काल कळायला हवं होतं. आत्ता पंचा काढला तर सहा तास बसल्यावर पाणी येतं हे मीच शिकवीन. नाही काढला तर?

तीनपर्यंत काढला नाही. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे नाकारता येणार नाही. पूर्ण तासभर मी गच्चीत कठड्याशी उभा होतो आणि काढला नाही.

३.१० ला तिची मान पुढे गेली. एकदम, दोरा तुटल्यासारखी. मी पंचा ओढला.

पाणी आलं तेव्हा तिचा हात तोटीवरच होता. धार तिच्या मांडीवर. बायका आवाज न करता पुढे आल्या आणि एकेकीने तिच्या पायाला हात लावला. कु. सुद्धा.

११ एप्रिल, मंगळवार

इंदूला ताप. दुसरा पेपर गेला. सकाळी नामदेवला सांगितलं, संपलं हे, पंच्याकडे बघू नकोस, टाकी भरली की खोल. बरं म्हणाला.

नवा नियम: सकाळी आठपासून, पाण्यापर्यंत. उपाशी. काल ताटातलं काही खाल्लं नव्हतं ना.

१५ एप्रिल, शनिवार

वसंताचं पत्र. मी इथली हकिगत लिहून विचारलं होतं. जळगावला तू अर्धंच ऐकून गेलास, म्हणतो. दाणा बंद केला की सवय मोडण्याआधी भडकते. कबूतर आधी करायचं त्याच्या दुप्पट करतं, चोच आपटतं, पिसं काढतं. आणि त्या भडक्यात एकदा जरी दाणा पडला तर ते भडकणंच कायमचं होतं. कधीतरी, अधूनमधून पडला तर आणखीच. मग आयुष्यभर सुटत नाही. शेवटी विचारलं आहे: तू मध्येच पाणी सोडलं नाहीस ना?

आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्यांची कॉपी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मग कापली.

इंदूचा ताप उतरला. बसते आहे.

२० एप्रिल, गुरुवार

काल दिवसभर पाणी नाही. वीज होती, पंपाचा आवाज येत होता. संध्याकाळी ऑफिसला जाण्याआधी टेकाडावर गेलो. टाकी काठोकाठ, वरून सांडत होती. नामदेव वॉलपाशी उकिडवा बसलेला.

पंचा दिसला, म्हणाला. कु. ने धुऊन वाळत घातला होता. त्याला मी नऊ दिवसांपूर्वीच सांगितलं होतं, बघू नकोस म्हणून. हो म्हणाला, लक्षात आहे. वॉलच्या चाकाला हातही लावला होता म्हणे. "पण तो दिसला ना भाऊ, तर हात फिरतच नाही."

हसला नाही. मीही नाही. वॉल मी खोलला. चाक सहज फिरलं.

इंदू काल दहा तास.

२८ एप्रिल, शुक्रवार

सांगून टाकलं. आधी नामदेवला विचारलं, त्याची नोकरी जाऊ शकते. म्हणाला, सांगा, नाहीतर मला झोप लागणार नाही. मग कु. ला सांगितलं. म्हणाली, मी तिच्या पायाला हात लावला त्या दिवशी, तुम्ही वरून बघत होतात.

संध्याकाळी अक्कांच्या ओसरीवर सगळ्यांसमोर. पंचा, टाकी, वॉल, दहा तारीख, सगळं. शिव्या खायची तयारी होती. यमुनाबाईंकडे बघून बोलू शकलो नाही.

कोणी शिवी दिली नाही. अक्कांनी पुन्हा विचारलं, पंचा वर तेव्हा बंद, खाली तेव्हा चालू? हो म्हटलं. दरवेळी? दरवेळी. त्या इतर बायकांकडे वळल्या. "म्हंजे पोर आनि पंचा, दोन्ही लागतस."

मी म्हणालो, अक्का, तसं नाही. त्या म्हणाल्या, भाऊ, तुम्हीच सांगितलं ना आत्ता.

यमुनाबाई एकट्याच उठून गेल्या. जाताना माझ्यापाशी थांबल्या. पोरगी आता रात्रीही हात मुठीत धरून झोपते, म्हणाल्या, बोटं उघडली तर जागी होते. "मी तिले सांगस, उठ माय, माले नको पाणी. ऐकस कोठे?"

३ मे, बुधवार

गायकवाडबाईंना शाळेत भेटलो. शाळा उघडण्याआधी जूनमध्ये इंदूचे पेपर पुन्हा घ्यायला हेडमास्तर तयार. "पण मुलगी बाकावर बसायला हवी," म्हणाल्या, "ओट्यावर नाही." सहा आठवडे आहेत.

गल्लीत मला वाट देतात. काल मी बाहेर पडलो तर एका बाईने हंडा बाजूला ओढला आणि नजर खाली. पंचा ट्रंकेत घालून कुलूप लावलं. नामदेवला किल्ली दाखवली.

५ मे, शुक्रवार

आज तिच्याशेजारी ओट्यावर बसलो. कोणी अडवलं नाही, आता मला चालतं. दहा वाजले होते. हळू आवाजात तिला पहिल्यापासून सांगितलं. विहीर, पंप, नामदेव आजोबा, वॉल. नळीत आधी हवा येते ती तुझ्या हाताला कळते, एवढंच तुझं. हुशार आहेस, पण पाणी तू आणत नाहीस. मी अडवलं होतं. माझी चूक.

डोळे मिटूनच ऐकलं. मग विचारलं:

"काका, त्या दिवशी पंचा कवय काढा तुम्ही?"

तुझी मान खाली गेली तेव्हा, म्हणालो.

हात तोटीवर.

"मंग मन्हामुळेच उनं ना."

तिचं चुकलेलं नाही.

७ मे, रविवार

उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. प्रत्येक घरात पितरांची नवी घागर भरायची, तीही ताज्या पाण्याने. साठवलेलं चालत नाही. चौदा कोऱ्या घागरी ओट्याभोवती मांडून ठेवल्या आहेत. पोरींनी कडुनिंबाला झोके बांधले. इंदूलाही बोलावून गेल्या. तिने मान हलवली.

यमुनाबाईंशी ठरवलं: उद्या पहाटे इंदूला घेऊन त्यांनी साक्रीला भावाकडे जायचं, माहेरची आखाजी. सहाची गाडी. महिनाभर तिकडेच. तिथे आडाचं पाणी आहे, नळ नाही.

८ मे, सोमवार

६.३०. गाडी गेली. इंदू घरात नव्हती. पाचलाच ओट्यावर येऊन बसली. यमुनाबाई पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. दोनदा तिचा हात सोडवायला गेल्या. तिसऱ्यांदा इंदू तोटीला मिठी मारून ओरडली, महिन्यात पहिल्यांदा तिचा आवाज गल्लीने ऐकला. बायकांनीच यमुनाबाईंना मागे घेतलं.

८.४०. पंप चालू नाही. वीज गेली. नामदेवकडे जाऊन आलो, टाकीत वीतभर पाणी, या गल्लीपर्यंत पोचणार नाही. त्याने वॉल उघडाच ठेवला आहे. आज कोणाच्याच हातात काही नाही.

९.३०. खाली येऊन हे सगळ्यांना सांगितलं. अक्कांनी ऐकून घेतलं. घागरी हलल्या नाहीत.

१०.५०. झोक्यावरच्या पोरी गाणी म्हणत नाहीत. नुसते झोके. दोरीचा कर्र आवाज.

११.१५. गच्चीत. इंदूने डोळे उघडले. तोटीकडे नाही, वर माझ्याकडे बघते आहे. मी दोन्ही हात उघडून दाखवले. पंचा नाही. कठड्यावर काही नाही. बघत राहिली.

११.२५. तिची मान हळूहळू डावीकडे कलली. त्या दिवशी पुढे गेली होती, आणि एकदम. आज हळू. डोळे अर्धे उघडे.

बायकांनी तिच्याकडे पाहिलं, मग सगळ्यांनी वर. कु. नेही.

११.३५. मान आणखी खाली. ओठ पांढरे. पाचपासून पोटात काही नाही, ऊन चढलं आहे. खरंच असेल. तोटीवरची बोटं मात्र घट्ट. घेरी आलेल्याची बोटं सुटतात ना? वसंताला विचारायला हवं होतं.

आत्ता खाली जाऊन उचलली, तर मान टाकली की वरचा माणूस उतरतो, हे तिला कळेल. पुढच्या वेळी किती टाकावी लागते तेही शोधून काढेल. नाही गेलो, तर ती आणखी किती

यमुनाबाई मला हाक मारत आहेत. जातो.